प्रकरण सातवे : कामावर झालेली इजा आणि तिची भरपाई

यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला रुग्णालयातून घरी आणल्यानंतर, आणि शेजारीपाजारी भेटून गेल्यानंतर, घरात जो प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो तो बहुधा असा असतो : "लक्ष माझंच नव्हतं. मग मालकाकडे भरपाई कोणत्या तोंडानं मागू?" या एका प्रश्नापायी अनेक रास्त दावे दाखलच होत नाहीत, आणि दाखल झाले तरी मुदत टळून गेल्यावर होतात, म्हणून या प्रकरणाचा आरंभ त्याच प्रश्नापासून करणे इष्ट होय.

१. चुकीचा विचार कायद्याने बाजूला का ठेवला?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील न्यायालयांचा दंडक असा होता की, जखमी कामगाराला भरपाई हवी असेल तर त्याने मालकाचा निष्काळजीपणा शाबीत केला पाहिजे, आणि अपघात एखाद्या सोबतीच्या कामगाराच्या चुकीने झाला असेल तर, १८३७ सालच्या एका निवाड्यापासून चालत आलेल्या नियमानुसार, मालक त्या दायित्वातून सुटत असे. ज्या कारखान्यात शेकडो माणसे एकाच पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांपाशी खपत होती तेथे कोणत्याही अपघातात कोणाची ना कोणाची चूक सापडणारच, आणि ती मालकाच्या हातची क्वचितच असणार, हे उघड आहे. त्यामुळे नुकसानीचा सारा भार ज्याच्या अंगावर जखम झाली त्याच्याच अंगावर राहत असे.

मुंबईच्या गिरण्यांतील परिस्थिती याहून निराळी नव्हती, आणि तिच्याविरुद्धचा पहिला संघटित आवाज मराठी माणसाचा होता ही गोष्ट आपल्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून कारखाना आयोगापुढे जे निवेदन ठेवले, आणि ज्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या, त्यात साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती व वेळेवर पगार या मागण्यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती : कामावर जबर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या चरितार्थाची योग्य तजवीज व्हावी. ही मागणी कायद्यात उतरायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २०१० मध्ये त्याच्या नावातील 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला आणि कारकुनी काम करणारेही त्याच्या छत्राखाली आले. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो आता विलीन झाला आहे. तत्पूर्वी घडलेल्या अपघातांचे दावे जुन्याच कायद्याने चालतात, आणि संहितेनेही मूळ चौकट कायम ठेवली आहे, म्हणून पुढील विवेचन जुन्या कायद्याच्या आधारे केले आहे. जेथे संहितेने काही नवीन आणले तेथे तसे सांगितले आहे.

या कायद्याचे मर्म एका घरगुती उदाहरणाने सांगता येईल. जात्याची तळी झिजली म्हणजे तिला टाकी लावण्याचा खर्च दळणाऱ्या बाईने आपल्या पदरचा करावा असे कोणी म्हणत नाही. पीठ साऱ्या घराने खाल्ले, तेव्हा झीजही साऱ्या घराने सोसायची. ज्या धंद्याच्या नफ्यासाठी कामगार यंत्रापुढे उभा राहतो त्या धंद्याच्या खर्चातच त्याच्या शरीराची हानी मोडली पाहिजे, हे तत्त्व एकदा मान्य केले की चूक कोणाची हा प्रश्न गौण ठरतो. कायदा त्याऐवजी एवढेच विचारतो : इजा अपघाताने झाली काय, ती कामामुळे झाली काय, आणि काम चालू असताना झाली काय?

याला मोजके अपवाद आहेत. कामगार दारूच्या किंवा मादक द्रव्याच्या अमलाखाली होता, सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, अथवा यंत्राचे संरक्षक साधन त्याने जाणूनबुजून काढले, आणि त्यापायी इजा झाली, असे मालकाने सिद्ध केले तर तो जबाबदारीतून मुक्त होतो. पण कामगाराचा मृत्यू झाला किंवा तो कायमचा पूर्णपणे निकामी झाला, तर हे बचावही मालकाला उपयोगी पडत नाहीत. येथे 'जाणूनबुजून' या शब्दावर सर्व भिस्त आहे. भोसरी-चाकणच्या बाजूला लहान शेडमध्ये चालणारा पॉवर प्रेस डोळ्यांसमोर आणा : डायखाली पत्रा हाताने सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायाने पेडल दाबायचे, ठोका पडला की तुकडा काढून पुन्हा पत्रा सरकवायचा, आणि हे पाळीभर शेकडो वेळा करायचे. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज ठोकाच पडू नये अशी सोय यंत्राला असते, परंतु तिच्यामुळे माल कमी निघतो म्हणून ती बंद करून पेडल जोडलेले असते. अशा यंत्रावर डुलकी लागून किंवा दुसरा ठोका आपोआप पडून बोटे गेली तर कामगाराचे दुर्लक्ष झाले असे फार तर म्हणता येईल. त्याने जाणूनबुजून संरक्षण काढले असे मात्र म्हणता येणार नाही, कारण ते काढले होते सुपरवायझरने, आणि तेही उत्पादन वाढावे म्हणून.

२. काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते?

न्यायालयांत सर्वाधिक खल झाला तो या मुद्द्यावर. कारखान्याच्या फाटकाच्या आत झालेल्या अपघाताविषयी वाद सहसा होत नाही. प्रश्न उद्भवतो तो फाटकाबाहेरच्या रस्त्याचा.

मुंबईच्या बेस्ट या बस उपक्रमाचा एक चालक दिवसाचे काम आटोपून जोगेश्वरीच्या आगारात आपली बस लावून, सांताक्रूझला घरी जाण्यासाठी बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. ती बस रस्त्यावर वाकड्या उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली आणि तो मरण पावला. काम संपले होते, तो उतारू होता, मग जबाबदारी कसली, असे उपक्रमाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये बहुमताने निर्णय दिला की, एवढ्या विस्तीर्ण शहरात चालकांनी वेळेवर कामावर यावे आणि परत जावे यासाठीच त्यांना बसप्रवासाचा हक्क दिलेला आहे, तो सेवेच्या गरजेतून उत्पन्न झालेला आहे, म्हणून असा प्रवास हा सेवेचाच भाग होय. कामाची हद्द अशा रीतीने फाटकापलीकडे, वाजवी अंतरापर्यंत, ताणता येते हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

तथापि ते सर्वांच्या उपयोगी पडले नाही. १९९६ मध्ये, सायकलवरून पाळीला निघालेल्या आणि कारखान्यापासून अवघ्या एक किलोमीटरवर लॉरीची धडक बसलेल्या कामगाराला त्याच न्यायालयाने लाभ नाकारला, कारण तो रस्ता सार्वजनिक होता आणि त्यावरून जाणारा इतर कोणत्याही वाटसरूसारखाच होता. ज्या कामगाराला मालक वाहन पुरवतो त्याला संरक्षण, आणि जो स्वतःच्या सायकलवर येतो तो उघड्यावर, असा हा विषम न्याय होता असे मला नेहमीच वाटत आले आहे.

तो दूर झाला एका मराठी कुटुंबाच्या खटल्यात. आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ च्या पहाटे मोटारसायकलवरून कामावर निघाला होता. त्याची पाळी पहाटे तीनपासून सकाळी अकरापर्यंतची. कारखाना पाच किलोमीटर राहिला असताना अपघात होऊन तो मरण पावला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. असे दावे ऐकणाऱ्या भरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये व १२ टक्के व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. आणि अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निवाडा पुन्हा कायम केला. घरापासून कामापर्यंतचा प्रवास आणि नोकरी यांचा वेळ, स्थळ व परिस्थिती यांच्या दृष्टीने संबंध जुळत असेल तर तो अपघात नोकरीतीलच समजावा, असे त्या निकालाचे सार आहे. नव्या संहितेत हीच तरतूद आता स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे, जाताना आणि परतताना दोन्हीसाठी. अर्थात संबंध जुळला पाहिजे : पाळी सुटल्यावर तीन तासांनी भलत्याच दिशेच्या रस्त्यावर झालेला अपघात यात बसणार नाही.

अपघात एका क्षणी घडलाच पाहिजे असेही नाही. दगडखाणीतील धुळीने होणारा सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, गोंगाटाने येणारा बहिरेपणा यांसारखे ठराविक व्यवसायजन्य रोग परिशिष्टात नमूद आहेत, आणि कायदा त्यांना अपघाती इजेप्रमाणेच लेखतो.

३. मालक कोणाला म्हणावे?

"आमच्या हजेरीपटावर या माणसाचे नावच नाही, तो ठेकेदाराचा माणूस" हे उत्तर प्रत्येक औद्योगिक वसाहतीत ऐकू येते. कायद्याने त्याचा बंदोबस्त फार पूर्वीच केलेला आहे. जे काम ठेकेदाराकडे दिले ते मूळ मालकाच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असेल, आणि अपघात त्याच्या ताब्यातील जागेत वा तिच्या लगत झाला असेल, तर कामगार आपली भरपाई थेट मूळ मालकाकडून मागू शकतो. मालकाने ती द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. ठेकेदार फरारी झाला, मुकादम गावी निघून गेला, म्हणून दावा बुडत नाही. रोजंदारीवरचा माणूस हाही या हक्काला पात्र आहे.

४. रक्कम कशी ठरते?

तीन गोष्टी माहीत असल्या की कोणालाही हा हिशेब मांडता येतो : मासिक वेतन, वय आणि अपंगत्वाचे प्रमाण. वयासाठी कायद्यात गुणकांचे कोष्टक आहे. वय जितके कमी तितका गुणक मोठा, कारण कमाईची वर्षे तितकी अधिक बुडाली. विसाव्या वर्षी तो २२४, तिसाव्या वर्षी २०७.९८, पस्तिसाव्या वर्षी १९७.०६, चाळिसाव्या वर्षी १८४.१७ असा उतरत जातो. मृत्यू झाल्यास वेतनाचे ५० टक्के गुणिले गुणक. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाचे ६० टक्के गुणिले गुणक. आणि अपंगत्व अंशतः असेल तर त्या दुसऱ्या रकमेचा तितका अंश. वेतन कितीही असले तरी जुन्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून ते १५,००० रुपयांपर्यंतच धरले जाते. आजच्या मजुरीच्या मानाने ही मर्यादा फार तोकडी आहे, आणि ती वेळोवेळी वाढली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. सहा-सात माणसांच्या शेडमध्ये महिना १४,००० रुपयांवर काम करणाऱ्या तीस वर्षांच्या कामगाराची एका हाताची दोन बोटे गेली. परिशिष्टात दोन बोटांसाठी २० टक्के हे प्रमाण आहे. वेतनाचे ६० टक्के म्हणजे ८,४००, त्याला २०७.९८ ने गुणले की १७,४७,०३२. आणि त्याचे २० टक्के म्हणजे ३,४९,४०६ रुपये. शिवाय औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने निराळा द्यायचा. आणि तो दिला म्हणून भरपाई चुकती झाली असे होत नाही. "दवाखान्याचं सगळं बिल आम्हीच भरलं" असे सांगून ज्यांना वाटेला लावले जाते त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

बोटे शाबूत आहेत पण हात प्लास्टरमध्ये आहे, अशा तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे वरील कामगाराला ३,५०० रुपये, मिळत राहतो, आणि याची कमाल मुदत पाच वर्षांची आहे. अपंगत्व अठ्ठावीस दिवसांहून कमी टिकले तर पहिल्या तीन दिवसांचे मात्र काही मिळत नाही.

५. टक्के शरीराचे की कमाईचे?

परिशिष्टातील आकडे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते : अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७. परंतु हे आकडे म्हणजे हिशेबाची केवळ सुरुवात आहे हे कामगाराला आणि पुष्कळदा त्याच्या वकिलालाही ठाऊक नसते. एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार १९६८ मध्ये कामावर असताना पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणे ते अंशतः अपंगत्व होते. आयुक्तांनी मात्र ते पूर्ण अपंगत्व मानले, कारण एका हाताने सुतारकाम करता येत नाही. आणि १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले. हातात पटाशी धरली की दुसऱ्या हातात हातोडा हवा, ही गोष्ट समजायला वैद्यकीय दाखल्याची आवश्यकता नाही. म्हणून अर्जात कोणते बोट गेले एवढेच लिहून थांबू नये. त्या बोटावाचून कोणते काम आता होत नाही, पूर्वी आपण कोणत्या यंत्रावर होतो आणि आता झाडूकामावर ठेवले आहे काय, हेही तपशिलाने लिहावे.

त्याच निकालाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट निश्चित केली : भरपाईचे देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते, आयुक्तांचा निवाडा होईल त्या दिवसापासून नव्हे. देय झालेली रक्कम एक महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विलंबाला समर्थनीय कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड, आणि हा दंडही कामगारालाच मिळतो. वरील उदाहरणात तीन वर्षे टाळाटाळ झाली तर नुसते व्याजच सव्वा लाखाच्या घरात जाते. मालकाने विमा उतरवला असेल तर विमा कंपनी सहसा मूळ रक्कम आणि व्याज भरते. दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो.

६. विमा असेल तर वाट वेगळी

ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे आहेत आणि कामगाराचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे, तेथे बहुधा कर्मचारी राज्य विमा योजना लागू असते. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सादर केलेल्या अहवालातून ही कल्पना साकार झाली, १९४८ मध्ये कायदा झाला, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे तिचा आरंभ झाला. विमाधारक कामगाराला एकरकमी भरपाईचा दावा करता येत नाही. त्याला बरा होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के, आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणात आजन्म मासिक रक्कम, तसेच मृत्यू झाल्यास वारसांना निवृत्तिवेतनासारखा लाभ मिळतो. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हा हक्क आहे. म्हणून पगारातून ०.७५ टक्के कपात होते काय आणि विमा क्रमांक मिळाला आहे काय, हे प्रत्येकाने अपघाताची वाट न पाहता आजच तपासावे. बोटे तुटल्यावर घाईघाईने नाव नोंदवल्याचे प्रकार घडतात.

७. पहिल्या आठवड्यातील कागद

हक्क कितीही बळकट असला तरी तो कागदाने शाबीत करावा लागतो, आणि हे कागद अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच हाती येतात. रुग्णालयात नाव दाखल करताना "घरी पडलो" असे सांगण्याचा आग्रह होतो. तो मुळीच मानू नये, कारण केसपेपरवरची ती एक ओळ पुढे संपूर्ण दावा बुडवू शकते. अपघात कोठे, किती वाजता, कोणत्या यंत्रावर झाला हे डॉक्टरांना सांगून लिहून घ्यावे. पोलीस पंचनामा झाला असेल तर त्याची नक्कल, पगारपत्रक, हजेरीची नोंद, गेटपास, बँकेत पगार जमा झाल्याचे पान, फाटकावरचे ओळखपत्र, आणि त्या पाळीतील दोघा सोबत्यांची नावे, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. पगार रोखीने मिळत असेल तर मुकादमाशी झालेले मोबाइलवरचे संदेशही उपयोगी पडतात.

त्यानंतर मालकाला लेखी सूचना द्यावी आणि तिची पोच ठेवावी. सूचना दिली नाही पण मालकाला अपघाताची माहिती होती, तर दावा अडत नाही. दावा दोन वर्षांच्या आत दाखल व्हावा. सबळ कारण असेल तर आयुक्त, ज्यांना नव्या संहितेत सक्षम प्राधिकारी म्हटले आहे, उशीर माफ करू शकतात. मालकाने विनाशुल्क वैद्यकीय तपासणी देऊ केली तर ती नाकारू नये, कारण नकार दिला तर हक्क तेवढ्यापुरता स्थगित होतो. पण तपासणीला जाणे आणि कोऱ्या कागदावर सही करणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत. ट्रकचालक वा क्लीनर यांना रस्त्यावर इजा झाली तर मोटार अपघात न्यायाधिकरण आणि हा कायदा यांपैकी एकच मार्ग पत्करावा लागतो. दोन्हीकडून रक्कम घेता येत नाही, तेव्हा कोणता मार्ग अधिक लाभाचा हे आधी जाणत्याला विचारून ठरवावे.

"वीस हजार घेतो, पुढे काही मागणार नाही" असा जबाब कामगाराने लिहून दिला असला, तरी भरपाईचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा करार कायद्यापुढे निरर्थक आहे. तडजोड करायचीच असेल तर तिची आयुक्तांपुढे नोंद झाली पाहिजे, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. मृत्यूच्या बाबतीत तर मालकाने विधवेच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. ती आयुक्तांकडे जमा करावी लागते आणि तेच पत्नी, मुले व वृद्ध आई यांच्यात ती वाटून देतात, अज्ञान मुलांचा हिस्सा त्यांच्या हितासाठी गुंतवून ठेवतात. या रकमेवर कोणत्याही सावकाराची जप्ती चालत नाही. आणि मालकाला निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायचे असेल, तर साठ दिवसांच्या मुदतीत, सबंध रक्कम आधी जमा केल्याचा आयुक्तांचा दाखला अपिलासोबत जोडूनच ते करावे लागते.